तापीच्या अलीकडे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आबांना नाही, आईला नाही, धाकट्या भावाला नाही – आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. आता तरी सांगणार होतो का? नव्हतो. इतकी वर्षं पोटात ठेवलं, पुढेही ठेवलं असतं, आणि एक दिवस तापीकाठी माझ्याबरोबर ते जळून गेलं असतं. पण या श्रावणात आमच्या अंगणात बायका जमल्या आणि माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की माणूस एक तर भांडतो, नाही तर खरं बोलतो. भांडून झालं आहे.

बायका कशाला जमल्या होत्या ते आधी सांगतो. माझा धाकटा भाऊ नटवर हॉलंडला शिकायला जाणार होता. मी गेलो होतो तिथेच – तेच विद्यापीठ, तोच अभ्यास, पाणथळ जमिनीतून पाणी काढून ती पिकाखाली कशी आणायची त्याचा. मी गेलो तेव्हा हॉलंड हे गावाचं नाव की माणसाचं, तेही आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. आता शेंबडं पोरही सांगतं, हॉलंड म्हणजे समुद्राच्या खालची जमीन. सांगणारच, मीच सांगून ठेवलंय ना. पारावर, कापसाच्या गाड्यांपाशी, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत उभा असताना माणसं मला धरून विचारायची – भाऊ, तिकडच्या गाई दूध किती देतात? समुद्र आत कसा येत नाही? तुम्ही खायचात काय? वैताग यायचा. पण सांगायचो. एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं.

तर नटवर निघाला होता, त्याच्या लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, आणि त्याच्या बायकोने, विमलने, बाधा कसली घ्यायची हे ठरवायला त्या बायका जमल्या होत्या.

आम्ही गुजर. तापीकाठी पिढ्यान्‌पिढ्या शेती करतोय, पण गुजरातेतून येताना काही गोष्टी पदराला बांधून आणल्या, त्या सुटत नाहीत. बाधा त्यातलीच. नवसात देवाला काही द्यायचं असतं, बाधेत आपलं काही सोडायचं. अमुक काम होईपर्यंत मी गूळ खाणार नाही, तूप खाणार नाही, पायात चप्पल घालणार नाही. काम झालं की बाधा सुटते. मधेच मोडली तर लागते – आणि लागते ती घेणाऱ्याला नाही, ज्याच्यासाठी घेतली त्याला. हे नीट लक्षात ठेवा, सगळा घोळ इथेच आहे. बरं, घेताना त्याला विचारायचीही पद्धत नाही! तुमच्या जिवावर दुसऱ्याने परस्पर पैज लावायची. चीड येणार नाही तर काय होईल?

आणि बाधेतली जाणकार कोण, तर माझी बायको. जमना. ओट्यावर वाती वळत बसली होती, भोवती सगळ्या. गावात कुणी परीक्षेला बसो, कुणाची कोर्टात तारीख असो, कुणाला मूल होत नसो – बायका जमनाला विचारायला येतात. कारण जमनाची बाधा फळली. ती फळली म्हणून मी हॉलंडहून पास होऊन आलो. असं गाव म्हणतं. मी वर्षभर तिथे रात्रंदिवस डोकं घातलं ते गेलं चुलीत.

विमल बिचारी म्हणाली, गूळ सोडू का? जमना हसली. म्हणाली, "गूळ सोडानं काय कवतिक? जे सोडाले जीव ना म्हणस, तेच सोड."

मी आत केळीच्या कंदांचा हिशोब लावत होतो – तसाच उठून बाहेर आलो आणि ओरडलो, असला खुळचटपणा मन्हा घरमा नको. जमनाने वाती बाजूला ठेवल्या. ती कधी आवाज चढवत नाही. म्हणाली, "तुम्हले काय मालूम? तुम्ही तं तठे अभ्यासमा व्हतात."

मी आत आलो. कंदांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला.

नमनालाच घडाभर तेल जाळतोय, कळतंय मला. पण हे असंच येणार. सरळ येत असतं तर कधीच आलं असतं.

माझं जाणं ठरलं तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. पुण्याला शेतकीची पदवी घेतली, तिकडच्या सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, आणि आबांनी गावजेवण घातलं. जमना घरात येऊन दोन वर्षं झाली होती. तिचं माहेर आमच्या समोरच – समोर म्हणजे अगदी नदीपलीकडे. आमचं गाव तापीच्या उत्तरेला, शहाद्याच्या बाजूचं, त्यांचं दक्षिणेला. आमच्या घाटावर धुणं धुताना त्यांच्या गावची देवळाची शिखरं दिसतात. त्यांच्या घाटावर कुणी आलं तर बाई की पुरुष एवढं कळतं. जमनाला मात्र त्या ठिपक्यांमधली तिची माय कळायची. ती ओळखायची कशी, हे मी तिला कधी विचारलं नाही. पदर हलवायची, तिकडून पदर हलायचा. दर चार-आठ दिवसांनी नावेत बसून माहेरी जाऊन यायची, येताना मायच्या हातची पापडी आणायची. लग्न होऊन माहेर तुटलं नाही अशी ती एकटीच असेल.

मी निघालो त्या दिवशी पाऊस सरत आला होता, नदी अजून भरलेली. आगगाडी धरायची तर आधी नावेने तापी ओलांडायची. जमना काठापर्यंत आली. सगळ्यांना वाटलं, नावेत बसेल, पलीकडे निरोप देईल, आणि चार दिवस मायकडे राहून येईल. तिने ओंजळीत तापीचं पाणी घेतलं आणि सोडलं. म्हणाली, "तुम्ही पास व्हयनात आशी तार येस नई, तवलोंग मी तापी वलांडाव नई."

बायकांनी तोंडाला पदर लावला. आई रडली. आबांनी मान हलवली, सुनेचा अभिमान वाटल्यासारखी. आणि मी? मला लाज वाटली. शिकलासवरलेला माणूस, परदेशी चाललेला, बरोबर दोंडाईच्याचे माझे कॉलेजातले मित्र – आणि ही काठावर चिखलात उभी राहून शपथा घेतेय. आणि माझा अभ्यास काय हिच्या नदी न ओलांडण्यावर होता? मी मागितलं होतं का? नाव सुटली तेव्हा मी नीट मागे वळूनही पाहिलं नाही, रागच इतका आला होता.

हा राग मला फार उपयोगी पडला पुढे. तो जपून ठेवला मी.

हॉलंड. काय सांगू? ऱ्हाईन नदीकाठचं लहानसं गाव, विद्यापीठ सोडलं तर त्यात काही नाही. आमच्या वर्गात इजिप्तचा एक, पेरूचा एक, घानाचे दोघं – सगळे आपापल्या सरकारांनी पाठवलेले किंवा हॉलंडच्या सरकारने बोलावलेले, सगळ्यांना थंडी वाजायची, सगळ्यांना बटाट्यांचा कंटाळा आला होता. मी शाकाहारी म्हणजे काय हे घरमालकिणीला कळेपर्यंत महिना गेला. ती विधवा होती, अबोल, साठीची. सकाळी पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे भुरभुरवायची, आपण पोह्यांवर शेव टाकतो तसे. पहिल्या दिवशी मला वाटलं, लहान पोर समजते की काय मला ही. नंतर त्यावाचून सकाळ होईना.

मला तिथे आवडलं. हे मी घरी कधीच धड सांगितलं नाही. घरी मी सांगतो – थंडी, बटाटे, एकटेपणा, तुमची आठवण. खोटं नाही ते. पण खरं हे, की मला एक खोली होती आणि तिला दार होतं. त्या दारावर ठोठावल्याशिवाय कुणी आत येत नव्हतं. सायकल होती. मी कुठे जातो, कधी येतो, जेवलो का, अजून का जागा आहे – कुणी म्हणजे कुणी विचारत नव्हतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. रविवारी मी सायकल काढायचो आणि बांधावरून नुसता जायचो. कुठे जायचं नसायचंच.

वर्षभराचा अभ्यास होता. शरद ऋतूत परीक्षा झाली – तोंडी, तीन प्राध्यापकांसमोर. ती संपल्यावर तिघं आत गेले, मी व्हरांड्यात उभा. दार उघडलं, थोरल्या प्राध्यापकांनी हात पुढे केला आणि अभिनंदन केलं.

पास झालो होतो मी. त्या दिवशी. नीट वाचा हे – आश्विनात कधीतरी, आपल्याकडे कापसाची बोंडं फुटतात त्या सुमारास, मी पास झालो होतो. टपाल कचेरी विद्यापीठापासून दोन गल्ल्यांवर होती. एका शब्दाची तार. ती इकडे आली असती, आबांनी गावभर साखर वाटली असती, आणि जमना संध्याकाळच्या आत नावेत बसली असती.

मी तार केली नाही.

का? इथेच तर मी इतकी वर्षं अडकलोय. निदान एखादी बाई असती तिथे, एखादं मोठं पाप असतं, तरी सांगायला काही तोंड होतं. तसलं काही नव्हतं. प्राध्यापक म्हणाले, हवं तर वसंत ऋतूपर्यंत प्रयोगशाळेत थांब, शिष्यवृत्ती तेवढी चालेल. मला थांबायचं होतं. आणि आबांचं ठरलेलं होतं – पास झालास की पहिली बोट. पास झालो पण थांबतो, असं आबांना सांगायची माझी छाती नव्हती. समुद्रापलीकडून, कागदावरसुद्धा नव्हती. म्हणून मी सोपं केलं. घरी कळवलं, परीक्षा पुढे गेली, आता वसंत ऋतूत होईल. चार ओळींत उरकलं. खाली लिहिलं, जमनाला काळजी करू नको म्हणावं.

बाधा आठवली नव्हती का? आठवली होती. चांगली आठवली होती. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, भोग म्हणावं. घ्यायची हौस तुलाच होती. आणखी चार महिने माहेरी नाही गेली तर काय आभाळ कोसळतंय? असं मनात म्हटलं आणि झोपही लागली.

आणि थांबायचं कशासाठी होतं? ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळा हे निमित्त. मला बर्फावर चालायला शिकायचं होतं.

हसा. मलाही कधीकधी हसू येतं, पण फार वेळ नाही. आदल्या हिवाळ्यात मी पाहिलं होतं – कालवा गोठला आणि सगळं गाव त्यावर उतरलं. म्हातारे, पोरं, प्राध्यापक, पाववाला. पायाला पोलादी पाती बांधून हात पाठीमागे धरून निघायचे, आणि बघता बघता पार दिसेनासे व्हायचे. मी काठावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन उभा. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वेळी मी काठावर नसणार.

तर पुढची वेळ आली. पौषाच्या सुमाराला कालवा गोठला. घरमालकिणीने माळ्यावरून नवऱ्याचे स्केट काढून दिले – लाकडी तळव्याचे, चामडी पट्ट्यांचे – आणि स्वयंपाकघरातली एक खुर्चीही दिली. तिथे नवशिके खुर्ची धरून शिकतात, ती पुढे ढकलत जायचं, म्हणजे पडत नाही. शेजारी पाच वर्षांची पोरं आपापल्या खुर्च्या ढकलतायत आणि त्यांच्यामध्ये मी, सव्वीस वर्षांचा, लोकरी टोपी घातलेला, तापीकाठचा गुजर. पडलो, उठलो, पडलो. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता. नंतर तर नाहीच.

त्याच आठवड्यात आबांचं पत्र आलं. जमनाची माय दत्ताची यात्रा आटोपल्यापासून अंथरुणाला खिळली होती. छाती भरली होती, डॉक्टर आशा देत नव्हते. आबा मोठे ताठ माणूस, कुणाकडे कधी काही मागितलं नाही. त्यांनी शेवटी लिहिलं होतं की पोर रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसते, आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, ऐकत नाही, तर परीक्षा थोडी लवकर होण्यासारखी असेल तर बघ.

एवढं स्पष्ट. मला कळलं नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. मी कोट घातला आणि टपाल कचेरीत गेलो. वाटेत सगळं जुळवलंही होतं – परीक्षा अचानक आधी घेतली, पास झालो, कुणाला काय कळणार होतं? रांगेत उभा राहिलो. पुढे दोन बायका होत्या, मग एक शिपाई. रांगेत उभा असतानाच डोकं चालायला लागलं. पास म्हटलं की बोट. बोट म्हटलं की घर. घर म्हटलं की आबा, सकाळची कामं, पारावरचे प्रश्न, दार नसलेली खोली. आणि म्हातारी माणसं थंडीत आजारी पडतातच, उन्हं तापली की उठून बसतात. आणि कालवा – कालवा आणखी किती दिवस गोठलेला राहील कुणास ठाऊक. आदल्याच दिवशी मी खुर्ची सोडून थोडं अंतर गेलो होतो.

माझी पाळी आली. खिडकीतल्या माणसाने काय हवं म्हणून विचारलं. मी टपालाची तिकिटं मागितली.

तिकिटं खिशात घालून मी कालव्यावर गेलो. त्या दिवशी मी खुर्चीशिवाय पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाण्यावरून चालत होतो आणि इकडे ती पाण्याच्या काठाशी थांबली होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी काय केलं असतं, याची मला खात्री नाही.

इकडे काय झालं ते मला नंतर आईने सांगितलं, शेजारणींनी सांगितलं, नावाड्याने सांगितलं. प्रत्येकाने कौतुकानेच सांगितलं, तेच तर असह्य आहे. जमनाचा भाऊ न्यायला आला होता. तिने नाव बांधलेल्या खुंटापर्यंत पाय नेले आणि तिथेच बसली. भाऊ चिडला, तिला वाटेल ते बोलला, परत गेला. मग पलीकडून निरोप आला, खुद्द म्हातारीचा. नावाड्याने तो जशाचा तसा सांगितला – "येऊ नको पोर. जवाईनी परीक्षा शे. बाधा मोडनी तं त्याले लागी."

माझ्या परीक्षेसाठी. जी केव्हाच होऊन गेली होती.

आमच्याकडे आई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. तरीही म्हातारी चालतीबोलती असताना बाधेच्या वर्षात दोनदा नावेने अलीकडे आली होती. घाटाच्या पायरीवर बसून लेकीची वेणी घालून गेली होती. आता ती येऊ शकत नव्हती, आणि ही जाऊ शकत नव्हती. मधे तापी, आणि तापीच्या पलीकडे कुठेतरी लांब मी, टोपी घालून.

ती गेली तेव्हा पलीकडच्या काठावर चिता रचली. आमच्या घाटावरून दिसते. जमनाने इकडून पाहिली. आई म्हणाली, आक्रोश नाही, काही नाही – पदर काढून हलवला तिने एकदा, आणि तिथेच नदीत डोक्यावरून आंघोळ केली.

हे कळवणारं पत्र मला मिळालं तेव्हा बर्फ वितळायला लागला होता. मी काय केलं? खोलीत बसलो. रडलो असेन. आणि त्याही वेळी माझा पहिला विचार हा होता की आता लगेच तार केली तर तारखांवरून कुणाला शंका येईल. म्हणून आणखी थांबलो. ठरल्याप्रमाणे वसंत ऋतूत, ट्यूलिप फुलले तेव्हा, तार केली. पास. एकच शब्द.

वैशाखात घरी पोचलो. तार आली तेव्हाच जमना पलीकडे जाऊ शकली असती, पण आता तिकडे माय नव्हती, म्हणून ती थांबली होती – घाई नसली की रीत अशी की ज्याच्यासाठी बाधा घेतली त्यानेच ती सोडवायची. म्हणजे मीच तिला हाताला धरून तापी ओलांडून न्यायची. सगळं गाव मागून, डफ वाजतोय, आबांच्या डोक्याला नवा फेटा. आणि नदी? नदी आटली होती. गुडघ्याइतकं पाणी, मधे वाळूची बेटं, वाळवंटात टरबुजांचे वेल. नावही लागली नाही. ज्या नदीने तिला दीड वर्षाहून जास्त अडवून धरलं ती आम्ही गप्पा मारत चालत ओलांडली.

पलीकडे तिच्या भावाने मला टिळा लावला. मी वाकलो आणि लावून घेतला. ज्या खोलीत म्हातारी गेली तिथे पाट मांडून मला जेवायला वाढलं – शिरा केला होता, जावयाच्या परीक्षेचा. खाल्ला मी. जमना उंबऱ्यात उभी राहून आतली रिकामी खाट बघत होती. येताना वाळूत ती जरा मागे राहिली, मग जवळ आली आणि म्हणाली, "तुम्हनी परीक्षा तठे व्हयनी, मन्ही आठे. दोन्हीबी पास व्हयनूत."

ती टोमणा मारत नव्हती. मला आजवर तसा संशयसुद्धा आला नाही, आणि चोराच्या मनात चांदणं असतं, आला असता तर पहिल्यांदा मलाच आला असता. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने आई दिली आणि माझी पदवी घेतली असा तिच्या मनातला हिशोब, आणि तो तिला पटलेला. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर तिचं काय झालं असतं – असं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. थाप आहे. माझं काय झालं असतं, एवढाच विचार होता.

तेव्हापासून गाव मला ती बाधा ऐकवतं आहे. मुलीला दाखवायला आणलं की सांगतात, सून असावी तर जमनासारखी. कीर्तनकाराने दृष्टान्तात घेतली. साखर कारखान्याची बोलणी सुरू झाली, त्या सभेत माझी ओळख करून देतानासुद्धा एकाने सांगितलं, यांच्या शिक्षणामागे घरातल्या लक्ष्मीचं तप आहे. मी दर वेळी वैतागतो. लोक म्हणतात, भाऊ विनयी आहेत. जमना म्हणते, यासले कवतिक सोसस नई.

आणि आता नटवर. विमलने बाधा घेतलीच, जमनाने सांगितली तीच – तार येईपर्यंत तापी ओलांडायची नाही. तिचंही माहेर दक्षिणेला, काठावरच. बाधेचं पाणी सोडलं त्या वेळी मी मुद्दाम शेतावर गेलो होतो.

परवा तो निघाला. मी त्याला पोचवायला नावेत बसलो. काठावर जमना आणि विमल उभ्या होत्या, विमल पदर हलवत होती. मग मी म्हटलं, निकाल लागला की त्याच दिवशी तार कर. त्याच दिवशी, कळलं का? माझा आवाज चढला असावा, नावाड्याने वळून पाहिलं. नटवर हसला. म्हणाला, करसू ना दादा, घाई काय शे, मंग थोडा दिन तठे फिरानं बी शे. मी पुन्हा म्हटलं, त्याच दिवशी. तो हो म्हणाला – मी आबांना म्हणायचो तसंच.

मग त्याने विचारलं, "दादा, तठे म्हणे पाणीनं बरफ व्हई जास, अन् लोके त्यावरतीन घसरत जातस. तुम्ही गयथात का कव्हय?"

नाव निम्म्यावर होती. पलीकडचा काठ यायला अजून अवकाश होता, ऐकायला नावाडी सोडून कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. इतक्या वर्षांत देवाने यापेक्षा सोपी संधी दिली नव्हती.

मी म्हटलं, "टाईमच नई भेटना."

तो पलीकडे उतरला. मी त्याच नावेने परत आलो. त्या दोघी तिथेच उभ्या होत्या. जमनाने विचारलं, काय बोलना? मी म्हटलं, तार लगेच करतो म्हणाला. विमलचा चेहरा खुलला. जमनाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी पुढे चालायला लागल्या, मी मागून.

विमलची आई अजून धडधाकट आहे, असं विमल सांगते.